तळ्यातल्या बत्तीसशे गोगलगायी

ती. ताई,

तुला नि मला, दोघांनाही घरात कुणी शेवटपर्यंत बोलू देत नाही. तुला आकडे सांगताना आणि मला भाषण करताना. म्हणून हे पत्र तुलाच. नमस्कार लेखीच घे (कंबर धरली आहे). गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला? मी उभ्यानेच लिहितोय, बसवत नाही.

आमच्या कॉलनीमागचं तळं बुजवून तिथे गाड्या लावायचं घाटतंय. नगरपालिकेचे साहेब म्हणाले, पाचशेहून कमी गोगलगायी निघाल्या तर त्या उचलून दुसरीकडे सोडू आणि भराव घालू. आता तळ्यातले जीव काही हजेरीला रांगेत उभे राहत नाहीत (बेडूक तर तोंडावर पाणी उडवून जातात). म्हणून तू कॉलेजात शिकवायचीस तीच रीत धरली: काही पकडायच्या, खूण करून सोडायच्या, आठवड्याने पुन्हा पकडायच्या आणि त्यांत खुणेच्या किती ते पाहायचं. खुणेच्या जितक्या थोड्या, तितकी एकूण संख्या मोठी. ऐंशी शंखांवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. सोडण्याआधी काठावर मी पाऊण तास बोललो. एकेक जीव वाचवा, म्हणालो. लोक हेलावले. ही (तुझी भावजय) तर डोळे पुसत होती. मग गोगलगायींची बादली तिच्या हाती देऊन मी घसा शेकायला घरी आलो.

आठवड्याने ऐंशी पकडल्या, त्यांत ठिपक्याच्या दोन. ऐंशी गुणिले ऐंशी, भागिले दोन: बत्तीसशे! त्याच संध्याकाळी चौकातल्या सभेत आकडा जाहीर केला. टाळ्या थांबेनात.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मेव्हणीकडे गेलो, तर तिच्या अंगणातल्या हौदात सत्तर लाल ठिपके आरामात फिरत होते. मी हिच्याकडे पाहिलं. "एकेक जीव वाचवा म्हणालात ना? मी सत्तर वाचवले. तुम्ही काय वाचवलंत, माईक?"

म्हणजे तळ्यात खुणेच्या दहाच होत्या. दहा गुणिले ऐंशी, भागिले दोन: चारशे. तेव्हापासून स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या घालतोय. खालच्या मजल्यावरचे दोनदा विचारून गेले, फर्निचर हलवताय का.

बाकी सगळं ठीक. सहज लिहिलं, काम काही नाही.

तुझा धाकटा

ता. क. दोनच सापडल्या तर तो आकडा कच्चा, हे तुझंच म्हणणं. एकच सापडली असती तर आठशे झाले असते. त्या सत्तर आज परत तळ्यात सोडल्या. शनिवारी नव्या रंगाने खुणा करायच्या, पुढच्या शनिवारी पुन्हा पकडायच्या, आणि सोमवारी साहेबांसमोर सुनावणी आहे. बत्तीसशे खोटे होते, हे तिथे मलाच सांगावं लागेल.

ता. क. २. नवा आकडा पाचशेच्या खाली आला तर मी तो खाली येऊ देणार नाही. मला मी ओळखतो; समोर माणसं दिसली की चारशेचे चार हजार व्हायला दोन वाक्यं पुरतात. आणि खोटं उघडं पडलं की पुढच्या तळ्यासाठी आपलं कोण ऐकेल? म्हणून शुक्रवारीच ये, मोजणी तू कर आणि सुनावणीत आकडा तूच वाच. मी उठलोच, तर सदरा ओढून खाली बसव.