सावलीत वाळवलेली काडी

लोमा सेका, १२ जून

प्रिय मारिउक्सी,

सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तूही या घराचा उंबरा चढली नाहीस. त्यामुळे पाकिटावर माझं अक्षर बघून आधी तुझ्या काळजात धस्स होईल. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. 'आता माझं काही खरं नाही' असं दहा वर्षं म्हणत रोज दोन थाळ्या मासळीचं कालवण चापणारी तुझी सेनोबिया मावशीसुद्धा. ग्वायाकिलचा तुझा पत्ता तिनेच दिला. देताना म्हणाली, "लिहायचं तर सरळ लिही, ओतिलिया. हवापाण्याच्या गप्पा पाठवायला टपाल कशाला हवं?" तरी मी हवापाण्यानेच सुरुवात करते. सरळ लिहायला मला जरा वेळ लागेल.

धुकं यंदा वेळेवर उतरलं. सकाळी दहापर्यंत डोंगरावरून हलत नाही, त्यामुळे टोप्या विणायला छान ओल आहे, ताडाच्या पानाची काडी मऊ राहते. पहाटे बोटं भिजवते, टोपीच्या लाकडी ठोकळ्यावर छाती टेकून वाकते, आणि ऊन वर आलं की टोपीवर ओलं फडकं टाकून चुलीकडे वळते. केळी भाजायची, शेंगदाणे कुटायचे. दुपार कलली की पुन्हा ठोकळा. पूर्वी पाच महिन्यांत होणारी टोपी आता सात महिने घेते. पाठ कुरकुरते, पण डोळे शाबूत आहेत.

गावात अजून तेच चालतं: सबुरी शिकावी तर ओतिलियाकडून. ईस्टरला पाद्रीबाबांनी प्रवचनात माझं नाव घेतलं. तेव्हा मी मनातल्या मनात फुललेही. पण ईस्टरनंतरच्या आठवड्यात जे घडलं, त्यापासून कोणी तसं म्हणालं की मी मान खाली घालते. सेनोबियाला वाटतं, मला डुलकी लागली. कोपराने ढोसते.

तू सात वर्षांची असताना पहिल्यांदा ठोकळ्याशी उभी राहिलीस. दर फेऱ्याला विचारायचीस, "आई, अजून किती?" मी म्हणायचे, "डोकं मावेपर्यंत." तुला राग यायचा, आणि रागाने तू आणखी घट्ट विणायचीस. काडी पारखायलाही तिथेच शिकलीस. बोटाला गुंडाळायची, मोडली तर चुलीत, नाही मोडली तर टोपीत. एकोणिसाव्या वर्षी तू स्वतःची पहिली टोपी विणायला घेतलीस. तुझ्या नावाने विकली जाणारी, म्हणजे त्यानंतर तुला कोणी ओतिलियाची पोर म्हणणार नव्हतं, विणकरीण म्हणणार होतं. अर्धा भारा काडी मी माझ्याकडची दिली, ओवाळणी घालावी तशी, आणि आईची म्हणून तू ती न पारखताच घेतलीस.

ती टोपी पुरी झाली त्या दिवसाचं तुला सांगायला नको, पण मला लिहायला हवं. व्यापारी रोसेंदो ओसरीवर आला, टोपी उजेडाकडे धरून फेरे बघू लागला आणि चाळिसाव्या फेऱ्यापाशी थांबला. म्हणाला, "ओतिलियाबाई, इथे काडी तडकलीय. डागही पडलेत. पोरीने भर उन्हात विणली वाटतं." तू म्हणालीस, "आई, शपथ घेते, मी एकदाही उन्हात बसले नाही." मी तुझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "कामाचा कंटाळा, आणि वर खोटं बोलतेस!" असं सगळ्यांसमोर म्हणाले, आणि तुझे सात महिने पाऊण तासात उसवून टाकले. मधली चकती तेवढी उरली. तू रडली नाहीस. शनिवारच्या बसने गेलीस.

सेनोबिया तेव्हाच म्हणाली होती, "काडीला जपतेस, पोरीला झोडतेस." मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही.

आता ईस्टरनंतरचं. त्या भाऱ्यातली उरलेली अर्धी काडी माळ्यावर गुंडाळून पडली होती. गेल्या वर्षीच्या धुक्यात नवी टोपी तिचीच विणायला घेतली होती. पहाटे विणली, धुक्यात विणली, एक दिवस ऊन लागू दिलं नाही. चाळिसाव्या फेऱ्याच्या आसपास ती तडकली. तसेच तपकिरी डाग. मी फडकं टाकलं आणि ओसरीवर बसून राहिले. मग हळूहळू आठवलं. त्या वर्षी सान पेद्रोचा सण तोंडावर आला होता. काडी उकळून झाली होती, ती तीन दिवस सावलीत वाऱ्यावर टांगायची. पण मला नव्या झग्याचं माप द्यायला मोंतेक्रिस्तीला जायचं होतं. म्हणून मी ती अंगणात, भर दुपारच्या उन्हात वाळवली. एका दिवसात उरकलं. रंग छान आला होता, तेव्हा बोटाला गुंडाळलीही नाही.

तू उन्हात बसली नव्हतीस, मारिउक्सी. काडीला ऊन मीच दाखवलं होतं.

गेल्या रविवारी रोसेंदो आला तेव्हा तीच ओसरी होती, तीच माणसं. मी माझी टोपी त्याच्यासमोर उजेडाकडे धरली, डाग दाखवले, झग्याची गोष्ट सांगितली आणि टोपी उसवली. सेनोबिया म्हणाली, "आम्हाला काय सांगतेस? जिला सांगायचं ती ग्वायाकिलला आहे." म्हणून हे पत्र. चूक माझी होती, पोरी, आणि त्याहून मोठी चूक ही की तुझं एक वाक्य ऐकून घेण्याइतकी सबुरी मी दाखवली नाही. मला क्षमा कर, जमेल तेव्हा.

ये, असं मी म्हणत नाही. महिन्यापूर्वी नवी काडी उकळली, सावलीत तीन नाही, पाच दिवस टांगली, आणि अख्खा भारा तुझ्या ठोकळ्याशेजारी ठेवला आहे. त्याला मी हात लावणार नाही. अशी काडी वर्षानुवर्षं टिकते, तेव्हा तुला घाई नाही आणि मलाही नाही. त्यातली एक या पाकिटात घातली आहे. बोटाला गुंडाळून बघ. मोडणार नाही, मी तीनदा पाहिलंय.

तुझीच, उशिरा शहाणी झालेली,
आई