दोन सोसायट्यांमधली भिंत

अण्णा, तुम्ही गेल्यावर बडोदं बरंच वाढलं. वाढलं म्हणजे अंगाने सुटलं. तुम्ही नदीपलीकडच्या अकोट्याला जायचं तरी परगावी निघाल्यासारखी तयारी करायचात. मी त्याच्याही कितीतरी पुढे, परवापरवापर्यंत शेतं होती तिथे राहते, हे ऐकून तुम्ही नुसता चष्मा पुसत बसला असता.

अजून डोळ्यांपुढे येतं: जुन्या शहरात तुम्ही मला शाळेत सोडायला येता आहात. अंतर तुम्ही शब्दरूपांत मोजता. वाटेवर माझ्याकडून संस्कृत शब्द चालवून घेता: दूधवाला एक शब्द, देऊळ दोन, शाळा पाच. बोळात लग्नाचा मांडव आडवा आला की न थांबता पुढच्या बोळात वळता. परतताना मी सकाळच्याच बोळात शिरले की दटावता, "गेल्या वाटेने परत येऊ नये. दुसऱ्या बोळातल्या माणसांनी तुझं काय घोडं मारलंय?"

आमच्याकडे तुमचा नियम पाळता येत नाही. एकच फाटक, एकच रस्ता, तोही थेट हायवेला. आई धाकट्याकडे असते, शेजारच्या सोसायटीत. नकाशावर दोन्ही सोसायट्या खेटून दिसल्या, म्हणून तर आम्ही भावंडांनी इथे फ्लॅट घेतले. मधल्या भिंतीला खिंडार होतं. त्यातून आई रोज सकाळी चहाला यायची. "एक शब्दही पुरा होत नाही गं, चतुर्थी विभक्तीलाच तुझं दार येतं," म्हणायची.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते खिंडार बुजवायचं ठरलं. चोरांची भीती. चोर अजून एकही आलेला नाही, भीती मात्र वेळेवर येते. आता आईला रिक्षा करून, हायवेवर यू-टर्न घेऊन यावं लागतं. म्हणजे ती येत नाही. ती तिच्या गॅलरीत चहा पिते, मी माझ्या. एकमेकींना दिसतो, आणि फोनवर बोलतो.

"तू काही बोलली नाहीस का गं मीटिंगला?" काल तिने विचारलं.

"बोलले की. ऐकतंय कोण!"

खोटं, अण्णा. तिला सांगवत नाही आणि तुम्हाला पाठवता येत नाही, म्हणून तर हे लिहितेय. स्वतःच्या आईसाठी भांडते असं कोणी म्हणेल, हा एक संकोच. आणि हल्ली भांडायचाच कंटाळा येतो. मी गप्प बसले. नुसती गप्पही नाही. फाटकावर लावायला ठराव नीट लिहून हवा होता, तो मीच लिहून दिला, तुम्ही पाटीवर गिरवून घेतलेल्या अक्षरात. चेअरमन म्हणाले, "बेन, शुं सरस अक्षर छे तमारा!"

आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं.