टाचेखालची वाळू

दामिनीचे बाबा,

बेबीचा नमस्कार. फोनवर तुमी मले बोलू देत नाही, म्हणून कागद घेतला. मी मजेत आहे. सकाळची गोळी घेता ना? हरभरा सोंगला का?

इथं समुद्राले अंतच नाही. पाणी मागं गेलं का बारके खेकडे वाळूच्या गोळ्या करून रांगोळीवाणी मांडतात. काल होडीतून डॉल्फिन पाह्यले. झोपेत कूस बदलल्यावाणी पाठ वर येते अन् जाते. पाहता पाहता मी घर विसरली, खरं सांगते.

आज पहाटे पोरीनं कासवीण दाखवली. कासवाईचे अंडे राखाचं, पोरीचं कामच ते. कासविणीनं वाळूत खड्डा करून शंभरक अंडे टाकले, वाळू लोटली अन् मागं न पाहता पाण्यात गेली. मी पुढं झाली. वावरात सरकी मातीत टोबल्यावर आपण वरून पायानं दाबतो ना, तशी सवयीनं टाच त्या जागेवर ठेवली.

दामिनीनं माहा हात धरला. "आई, पाय काढ. पिल्लाईले वर याले जागा पाह्यजे."

लय हळू बोलली. घरी तुमच्यासंगं आवाज चढते, तसा नाही.

तिची खोली लहान आहे, पण कडी मजबूत आहे. मी दोनदा लावून पाह्यली.

पोरीले घेऊनच ये म्हणून तुमी मले इकडं पाठवलं. पुढच्या रविवारी मी अकोल्याले उतरीन, एकटीच. रागावाचं असन तर स्टेशनवर माह्यावर रागवा. तिले मात्र हे पत्र भेटल्याबरोबर फोन करा. ती वाट पाह्यते, सांगत नाही.

तुमची,
बेबी