गिरणी सुरू होण्याआधीचा हूं

आई,

आमच्या घरातला कुकर माझ्यावर उलटला आहे. शिट्ट्या देतो, पण मला कळू न देता. गेल्या महिन्यात त्याने डाळीचा कोळसा केला आणि तुझी सून धावत येऊन म्हणाली, "अहो, कुकरपाशीच तर उभे आहात! शिट्ट्या मोजायला सांगितल्या होत्या ना?" मी बाणेदारपणे सांगितलं की हल्लीचे कुकर पूर्वीसारखे मनापासून ओरडत नाहीत, सगळा देशच पुटपुटायला लागलाय. तिने जळकं भांडं माझ्यासमोर ठेवलं आणि पुन्हा नाशिकच्या कानाच्या डॉक्टरचा विषय काढला. गेलो.

डॉक्टरीण तुझ्या नातीच्या वयाची. तिने मला एका बंद खोलीत बसवून कानावर काहीतरी चढवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी बराच वेळ आवाजाची वाट पाहत बसलो. आवाज येऊन गेले होते. मग तिने कागदावर चित्र काढलं. "काका, कानाकडून मेंदूकडे तारा जातात एवढंच लोकांना ठाऊक असतं. मेंदूकडून कानाकडेही येतात. गलका वाढला की मेंदू कानाला सांगतो, जरा दमानं घे, एवढं फुगवून सांगू नकोस. त्याने कान थोडा वाचतो, आणि गलक्यातलं बोलणंही वेगळं काढता येतं." माझ्या कानात ते ऐकणाऱ्या नाजूक पेशीच बऱ्याचशा मेल्या आहेत म्हणे. म्हणजे वरून आदेश सुटताहेत आणि खाली ते पाळायला माणूस नाही. आपल्या तालुक्यात जन्म काढलेल्याला हे वेगळं समजावावं लागत नाही. "लहानपण कुठे गेलं?" तिने विचारलं. "गिरणीत," मी म्हणालो, आणि तिला तुझा हूं सांगितला.

मोखाड्याच्या बाजारातली आपली गिरणी. सूर्यमाळेकडच्या पाड्यांवरून नागलीची गाठोडी डोक्यावर घेऊन बाया आल्या आहेत. तुझ्या पापण्यांवरसुद्धा पीठ. तू खटक्यावर हात ठेवतेस आणि ओरडतेस, "हूं म्हणा गं!" सगळ्या बाया, कडेवरच्या पोरांसकट, ओठ मिटून हूंऽऽ करतात आणि तो चालू असतानाच तू खटका दाबतेस. दुसऱ्या कुठल्या गिरणीत ही रीत मी पाहिली नाही. कुणी म्हणे देवीसाठी, कुणी म्हणे मोटर जळू नये म्हणून. तू म्हणायचीस, "कानाला आधी सांगावं लागतं, पाहुणा येतोय म्हणून." मी अकरावीत, नुकती मिसरूड फुटलेली, अब्रू सांभाळत दाराकडे तोंड करून उभा. "बाय, तुझा पोऱ्या नाय बोलला!" एखादी म्हातारी चहाडी करायची. "त्याचा राहू दे उधार," तू म्हणायचीस, "देईल कधीतरी."

डॉक्टरीण हसली नाही. म्हणाली, माणूस स्वतः आवाज काढणार असला की कानातला एक बारीक स्नायू आधीच आवळला जातो; पहिला दणका कदाचित थोडा बोथट होत असेल. "पण काका, दिवसभराच्या गिरणीपुढे एका हूंचं काय चालणार?"

हेच! हेच मी तुला सांगत होतो. पहिल्या पगारातून ठाण्याहून कानात घालायचे रबरी बोळे आणले होते, आठवतं? पुढच्या खेपेला आलो तर एक रॉकेलच्या बाटलीला बूच म्हणून लावलेला, दुसरा खिडकीच्या भोकात. "इतकं घट्ट बूच बाजारात मिळत नाही," तू कौतुकाने म्हणालीस. मी भडकलो तेव्हा तू उलट मलाच झापलंस, "बोळे घातले तर पट्टा सरकलेला कसा कळेल? आणि या बाया एवढे डोंगर उतरून काय नुसत्या पिठासाठी येतात? घरात बोलता येत नाही ते इथे बोलतात." मग शेवटच्या वर्षांत फोनवर मी विचारायचो, गोळ्या घेतल्यास का, तर तू म्हणायचीस, हो, जेवले. मी चिडून फोन ठेवायचो. आता माझी मुलगी ठेवते.

राग कशाचा येतो सांगू? तू निम्मी बरोबर होतीस. पूर्ण चूक असतीस तर तुझ्यावर एक लेख लिहून मोकळा झालो असतो.

डॉक्टरणीने कानात घालायची यंत्रं दिली, ती डबीतच होती. कारण माझंही भक्कम: मी कान लावून पोट भरणारा माणूस, एसटीत आणि टपरीवर लोक बोलतात ते लिहितो. कानात यंत्र दिसलं की लोक जपून बोलतील. तुझी सून म्हणाली, "आणि आता काय बोलतात ते कळतं का?" नाही कळत. वर्षभर लोकांच्या तोंडी मी माझीच वाक्यं घालतोय. वाचकांना ती जास्त आवडतात, हा वेगळा संताप.

आज जव्हारहून मोखाड्याला गेलो. तुझ्या हाताखाली पिठाचे डबे धरणारी आता गिरणी चालवते. तिच्यासाठी नवे बोळे नेले होते. ती म्हणाली, "दादा, बोळं घालून पट्टा कसा कळंल?" मी उलट्या पावली निघणार होतो. तेवढ्यात तिने हात पुढे केला. "द्या, एक द्या. मोटरीकडच्या कानात घालते. दुसरा बायांसाठी राहू दे."

एवढं सोपं होतं गं. तुला सुचलं नाही, मलाही नाही. मी खिशातली डबी उघडली आणि एक यंत्र कानात बसवलं. आधी नुसती खरखर. मग मागून, अगदी स्वच्छ, "हा तोच ना गं? गिरणवाल्या बायचा उधारीवाला पोऱ्या? पार म्हातारा झाला की!" आणि खिदळणं. एक शब्द मला जुळवावा लागला नाही.

तिने खटक्यावर हात ठेवला. "हूं म्हणा गं!" मी यंत्र काढून मुठीत धरलं, ओठ मिटले आणि बायांच्या बरोबरीने हूं म्हटला.

हे टपालात टाकायचं नाही, तेव्हा एक सांगून ठेवतो. माझा हूं जरा लांबला. तिने खटका दाबायला उशीर केला, की मलाच थांबता आलं नाही, ठाऊक नाही.