काशीच्या वहीतली माझी ओळ

बाबा, काशीहून परत आल्यावर तुम्ही मला दोनच वाक्यं बोललात. त्यांचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. तुम्हाला जाऊन आता सहा पावसाळे झाले. आज कारखान्याला सुट्टी आहे, तुमची सून मुलीला घेऊन लोधिवलीला माहेरी गेली आहे आणि खोपोलीच्या या खोलीत मी एकटा आहे. मला खोपोलीत नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही दिलेलं शाईचं पेन पेटीत तसंच आहे. हे मी बॉलपेनने लिहितो आहे. का, ते पुढे येईलच.

ते गोरं जोडपं तुम्हाला आठवत असेल. माथेरान उतरून पायी भीमाशंकरला निघालेले ते दोघे पोशीरला आपल्या ओट्यावर पाणी मागायला थांबले होते. पाठीवर त्यांच्या उंचीच्या पिशव्या, पायांत फाटक्या चपला. तुम्ही त्यांना भाकरी आणि जवळ्याची चटणी वाढलीत. ती बाई चटणीने लाल झाली, तरी हसत खात राहिली. मग त्याने नकाशा पसरला आणि बोटाने सगळी वाट दाखवली. इतके देश त्यांनी बसने, ट्रकने आणि चालत ओलांडले होते. बोट काठमांडूवर आलं तेव्हा त्या बाईने छातीवर हात ठेवून डोळे मिटले. तुम्ही बराच वेळ नकाशाकडे बघत होतात. ते गेल्यावर म्हणालात, "नवराबायको जग बघीत फिरत्यात रं. आनी आपलं जग कर्जतच्या बाजारात संपतं." दाराआडून तुमच्या सुनेने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी भात कांडताना ती मला म्हणाली, "आपन जाऊया का ओ? त्या बाईनं डोळे मिटले नं, तिथं."

आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. भावकीतले म्हणाले, बायकोला फिरवायला नेतोय, देवाला तरी नेतोय का? तुम्ही त्यांना म्हणालात, "माजी सून हाय. मी धाडतोय." आई गेल्यापासून घरात आपण तिघेच. म्हणजे आम्ही गेलो की भाकरी तुम्हालाच थापावी लागणार होती. तरी तुम्ही हौसेने तयारी केलीत. घोंगडी, वातीचा स्टो, तांदळाचं पीठ आणि तुमच्या हातची भाजलेली सुकट घट्ट झाकणाच्या डब्यात. मी कागदावर सगळं लिहून काढलं होतं. गाड्या पॅसेंजर, मुक्काम धर्मशाळेत. काशीला दोन दिवस, पुढे रक्सौल, तिथून ट्रकने काठमांडू. तिथे जायला पासपोर्ट लागत नाही, असं कारखान्यातल्या एकाने सांगितलं होतं. भाडं, खाणं, सगळं बेताचं. त्यात कुठे खोलीभाडं धरलेलंच नव्हतं.

काशीच्या धर्मशाळेत पहिल्याच सकाळी तुमच्या सुनेने डबा उघडला आणि सुकटीचा वास मजलाभर गेला. मॅनेजर धावत आला. आम्ही दोघे, आमची वळकटी आणि तुमचा डबा, सगळे मिळून रस्त्यावर. ती मात्र हसत होती. "बाबांच्या सुकटीनं काशी बाटली," म्हणाली. मला हसू येईना. बाकीच्या धर्मशाळा भरलेल्या होत्या आणि भाड्याची खोली घेतली तर काठमांडू राहून जाणार होतं. घाटावर बसलो असताना एक जण आला आणि चांगल्या मराठीत विचारू लागला, कोण गाव, कोण जिल्हा. मी कुलाबा म्हणालो. तो म्हणाला, कुलाब्याच्या यात्रेकरूंची नावं लिहायची वही आमच्या उपाध्यांकडे असते. वडिलांच्या क्रियेला आला असाल तर वाड्यात तीन दिवस खोली आणि दोन वेळचं जेवण मिळेल, दक्षिणा यथाशक्ती. मग त्याने विचारलं, "वडील आहेत?"

बाबा, मी थकलो नव्हतो. आजारी नव्हतो. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मला काठमांडू बघायचं होतं. मी म्हणालो, "नाहीत."

तुमच्या सुनेने माझी बाही धरली. "अवो, काय बोललात तुमी?" मी हळूच म्हणालो, बोलण्याने काय होतं, तीन दिवसांचा प्रश्न आहे. त्या एका शब्दामागून काय काय येईल याचा हिशेब, एवढा कागद लिहिणाऱ्या मी केलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावी आला. डोक्याचं मला वाटलं होतं, पण त्याने ओठावर पाणी लावलं आणि मी दचकलो. बाप असेपर्यंत मिशी काढायची नाही हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी तोंड बाजूला केलं. तो म्हणाला, पहिल्यांदा सगळ्यांना असंच होतं, आणि त्याने प्रेमाने माझी हनुवटी धरली. मग घाटावर पिंड. उपाध्ये तुमचं नाव घ्यायला सांगतात आणि मी घेतो. पायरीवर तुमची सून पाठ करून बसली आहे. त्या वाड्यातलं तिने तीन दिवस काही खाल्लं नाही. बाहेर झाडाखाली बसून तुमच्या पिठाच्या भाकऱ्या केल्या आणि सुकटीबरोबर खाल्ल्या. मला म्हणाली, "मला नको काठमांडू. घरी चला. बाबांना बघू दे मला." मी ऐकलं नाही.

आणि मग ती वही. लांबोळकी, लाल कापडात बांधलेली. उपाध्ये पोशीरचं पान काढतात. माझ्या पणज्याचा अंगठा, आज्याचा अंगठा. दोघेही आले होते, हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं. कदाचित तेव्हा तुम्हालाही ठाऊक नसेल. उपाध्ये म्हणतात, "तुमच्या घराण्यात सही करणारे तुम्ही पहिलेच. तुम्हीच लिहा." मी खिशातून तुम्ही दिलेलं पेन काढतो. मला सातवीतून काढून शेतावर आणलंत, तरी गावातल्या लग्नपत्रिका तुम्ही माझ्याकडूनच लिहून घ्यायचात आणि मागे उभे राहून बघायचात. तसेच तुम्ही आत्ता मागे उभे आहात असं वाटतं. मी कैलासवासी हा शब्द पूर्ण लिहितो. मग तुमचं नाव, मुक्काम पोशीर, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा. ओळ सरळ आली आहे का ते वही तिरकी धरून बघतो. आली आहे. उपाध्ये वा म्हणतात. सगळ्यांत लाजेची गोष्ट हीच आहे, बाबा. मला त्या क्षणी बरं वाटलं.

काठमांडू बघितलं. लांबवर बर्फाचे डोंगर होते, थंडी फार होती. तुमच्या सुनेने डोळे मिटले नाहीत. मी तिथे जास्त दिवस काढले, मिशी थोडी तरी यावी म्हणून, आणि रोज सकाळी दुकानाच्या काचेत ओठ बघत असे. जगातून मी एवढंच बघून आलो.

पोशीरला आलो तेव्हा तुम्ही भाताच्या रोपांसाठी खाचरात राब भाजत होतात. अंगावर राख. सुनेने तिथेच तुमचे पाय धरले आणि ती रडली. तुम्ही गोंधळलात. "अगं, काय झालं गं? पोरानं उपाशी ठेवलं का तुला?" मग माझ्याकडे बघून म्हणालात, "टोपी काड." मी काढली. "परयागला दिलंस व्हय केस?" मी हो म्हणालो. तुम्ही माझ्या ओठाकडे बघितलंत. "आनी मिशी?" मी म्हणालो, न्हाव्याचा हात चुकला. तुम्ही काठीने राबातला विस्तव सारखा केलात. "न्हावीच तो. चुकायचाच," म्हणालात.

दोन वर्षांनी गावातली माणसं काशीला निघाली आणि तुम्हीही नाव दिलंत. तुम्हाला अडवायला मी किती प्रयत्न केले. तिकडे गर्दी फार, पाणी बाधतं, त्यापेक्षा नाशिकला जा. तुम्ही म्हणालात, "तू गेलास नं बायकोला घिऊन? मग मी का जाऊ नको?" त्या वेळी मी खरं सांगू शकलो असतो. सुनेने मला दोनदा खुणावलं. मी तुमची वळकटी बांधत राहिलो, गाठ पुन्हा पुन्हा सोडून.

तुम्ही परत आलात, गावभर प्रसाद वाटलात. मग मी एकटा ओट्यावर असताना शेजारी बसलात. "तुजं अक्षर बघितलं रं वहीत," म्हणालात. "चांगलं काडलंयस." आणि उठून बैलांना पाणी दाखवायला गेलात. नंतर तुम्ही तो विषय कधी काढला नाहीत. तुमचा माझ्याशी आवाजही बदलला नाही. तो बदलला असता तर बरं झालं असतं.

काशीला काय घडलं ते मला तुमच्या दहाव्याला कळलं. तुमच्याबरोबर गेलेल्या शेजारच्या काकांनी सांगितलं. उपाध्ये सगळ्यांपुढे मोठ्याने वाचत होते आणि कैलासवासीपाशी येऊन थांबले, वर बघून म्हणाले, हे नाव तर तुमचंच. तुम्ही वही ओढून घेतलीत, त्या ओळीवरून बोट फिरवलंत आणि हसलात. "झालं! आता माजं आयुष्य वाडलं." उपाध्ये काट मारू लागले तर तुम्ही त्यांचा हात धरलात. "काट नको. पोरानं येवडं सुंदर लिवलंय. कदी ना कदी खरं व्हनारच हाय ते." गावात परतल्यावर कोणी याचा उच्चार करायचा नाही, अशी शपथ तुम्ही सगळ्यांना गंगेचं पाणी हातात देऊन घातलीत. दोन वर्षं, तुम्ही होतात तोवर, एकानेही ती मोडली नाही.

काका म्हणाले, "अस्थी काशीलाच ने. त्याच उपाध्यांकडं." भावकीनेही तेच म्हटलं. मी म्हणालो, कारखान्यातून रजा मिळत नाही. सगळ्यांनी मान हलवली, कारखान्याला नावं ठेवली, आणि तुमच्या अस्थी आम्ही उल्हास नदीत सोडल्या. तुमची सून काठावर माझ्याकडे बघत होती. तिनेही तेव्हापासून काही विचारलेलं नाही. काशीला गेलो असतो तर ते पान पुन्हा उघडलं असतं आणि उपाध्ये म्हणाले असते, हे तर आधीच लिहिलेलं आहे, अक्षर तुमचंच.

हे कुठे पाठवायचं मला माहीत नाही. घडी करून पेटीत, पेनाखाली ठेवतो आहे. बाबा, रजा मंजूर झाली होती. अर्ज मीच मागे घेतला.