समाप्तनंतरचं रीळ

सोमवार, ४ मार्च

वाचनालयाच्या चित्रपट मंडळाने यादी मागितली आहे. आयुष्यातले सर्वांत आवडते पाच सिनेमे, प्रत्येकाचं कारण. रविवारी सगळ्यांसमोर वाचायची. "कारण खरं हवं हं, पुस्तकी नको," ग्रंथपालबाईंनी बजावलं. मला सांगतायत! छापखान्यात वीस वर्षं प्रुफं तपासतेय, चुका पकडण्याचाच पगार घेते.

मंगळवार, ५ मार्च

चार झटपट झाले. अबोल पोस्टमनचा – कारण त्यात कुणी कुणाला उपदेश करत नाही. दोन म्हाताऱ्या बहिणींचा – त्या हुबेहूब माझ्या आणि ताईसारख्या भांडतात, दाराच्या कडीवरूनसुद्धा. कोर्टातला – खरं कारण नायकाचा आवाज. लिहावं का? लिहिलं. आणि तो विनोदी. हे इतके हसले होते की पुढच्या रांगेतला माणूस रागाने वळला, आणि मग पडदा सोडून ह्यांच्याकडेच बघून हसत राहिला. सिनेमा तसा सुमारच.

पाचवा खरं तर पहिला. सायकलवाल्या आईचा.

बुधवार, ६ मार्च

नऊ वर्षांची होते. आईचं मोठं ऑपरेशन झालेलं, ती अजून शुद्धीवर नव्हती. बाबांची ड्यूटी चुकणार नव्हती, म्हणून दवाखान्यातून मला थेट थिएटरच्या केबिनमध्ये घेऊन गेले. ते प्रोजेक्टर चालवायचे. स्टुलावर उभी राहून भिंतीतल्या चौकोनी भोकातून मी पाहिला. सिनेमातली आई आजारी पडते आणि जाते. 'समाप्त'. मी भोकाड पसरणार, तोच सिनेमा पुढे सुरू! तीच आई गच्चीवर मुलांची सायकल शिकतेय, धडपडतेय, खिदळतेय. खाली शिट्ट्या, खुर्च्यांची आदळआपट. बाबांनी तेराव्या रिळाआधी चौदावं, म्हणजे शेवटचं, लावलं होतं. मॅनेजर दार बडवत होता, तरी तेरावं संपेपर्यंत मशीन बंद केलं नाही.

त्यापायी बाबांची केबिन गेली. निवृत्त होईपर्यंत त्याच थिएटरच्या दारात तिकिटं फाडली.

आई बरी झाली. दोघं आता माझ्याकडेच असतात, आणि ती अजून चिडवते. आज बाबांनी शर्टाची बटणं वरखाली लावली, तर लगेच – "काय ऑपरेटरसाहेब, आधी चौदा की आधी तेरा?" बाबा नेहमीसारखे गालातल्या गालात हसले.

गुरुवार, ७ मार्च

कॉम्प्युटरवर तोच सिनेमा पाहिला. इतकी वर्षं टाळलं होतं. आधी सायकल, मग मरण, मग समाप्त. चांगला आहे. पण माझा नाही!

मग मला आवडतं ते नेमकं काय? बाबांची चूक? जिच्यामुळे त्यांचं जिवापाड आवडतं काम गेलं, ती मी चारचौघांत आवडती म्हणून वाचणार – आणि बाबा समोर बसलेले असणार. हा दुष्टपणा नाही का?

शुक्रवार, ८ मार्च

चारच देते म्हणाले. "पाच म्हणजे पाच!" – ग्रंथपालबाई.

शनिवार, ९ मार्च

आई भाजी आणायला गेली, तेव्हा बाबांना विचारून टाकलं. तुमची ती चूक वाचून दाखवली तर वाईट वाटेल का?

बाबांनी पेपर खाली ठेवला. "बावीस वर्षं रिळं लावली मी. डबा हातात घेतला की नंबर कळायचा. चूक कसली?"

"म्हणजे मुद्दाम?" मी विचारलं.

"तू स्टुलावर, आई तिकडे तशी. तुला त्या शेवटावरून उठवून तिच्याकडे नेऊ होय?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

दाराशी आईच्या चपला वाजल्या. "हळू! सदतीस वर्षं चिडवतेय ती. सगळी मजा जाईल तिची."

रविवार, १० मार्च

यादी वाचली. पाचव्यापुढे कारण – 'ऑपरेटरची चूक'. खोटं आहे हे माहीत असून तसंच ठेवलं. आई सगळ्यांत मोठ्याने हसली.