एकोणिसाव्या पानावरची चूक

केंब्रिज,
११ मार्च १९३७

प्रिय अ‍ॅम्ब्रोझ,

तुमचं सांत्वनाचं पत्र शनिवारी पोचलं. मी बरी आहे. एडिंबरोत अजून बर्फ आहे म्हणता. इथे क्रोकसची फुलं येऊन गेलीसुद्धा. गिल्बर्टची पुस्तकं कॉलेजने नेली. कोट अजून खुंटीवर आहे. माझ्याने काढवत नाही.

तुम्ही विचारलंत, 'चौदा वर्षं एका टेबलावर बसून मी आणि गिल्बर्ट मूळ संख्यांशी झुंजलो, मग त्याने माझी पत्रं न फोडता परत का पाठवली?' तीनदा उत्तर लिहायला बसले आणि तीनदा हवापाण्यावरच थांबले. आज लिहून टाकते.

१९२९ साली गिल्बर्टची सिद्धता छापायला जायची होती, तेव्हा माझा हा भाऊ नुकताच इस्पितळातून घरी आला होता. कामाच्या ताणाने पार खचला होता. "मनाला धक्का बसेल असं काही कानावर जाऊ देऊ नका," असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. म्हणून त्याचं टपाल आधी मी फोडायची. तुमचंही फोडलं. 'एकोणिसाव्या पानावर चूक आहे. छापू नकोस. इकडे ये, उन्हाळ्यात दोघं मिळून दुरुस्त करू.'

ते पत्र मी शिवणाच्या डब्यात ठेवलं. जरा सावरला की देईन, म्हटलं. डॉक्टरांचं नाव पुढे करतेय खरी. पण तो तुमच्याकडे गेला तर परत यायचा नाही, आणि या घरात मी एकटी उरेन, हेही मनात होतं.

रोज विचारायचा, "हेस्टर, अ‍ॅम्ब्रोझचं काही आलं?"

"नाही रे."

"म्हणजे सगळं बरोबर आहे. चूक असती तर ते गाढव स्वतः धावत आलं असतं!" आणि हसायचा.

सिद्धता छापली गेली. सहा महिन्यांनी एका जर्मन पोराने ती चूक जगापुढे मांडली. गिल्बर्टने ते दारातच वाचलं, डोक्यावर हॅट तशीच.

"अ‍ॅम्ब्रोझने दोनदा वाचलं होतं, हेस्टर. त्याला दिसली नसेल असं होणारच नाही. मुद्दाम तोंडघशी पडू दिलं मला."

मी म्हटलं, "चहा निवतोय."

त्यानंतरची तुमची पत्रं त्याने परत पाठवली. टपालपेटीत मीच टाकत होते. शेवटच्या आठवड्यात एकदा त्याने विचारलं, "त्याला माझा कसला राग होता गं?" मी त्याची उशी सारखी केली. त्या मंगळवारी तो गेला.

मला वाटायचं, गणित त्याने सोडलं. काल खणात एक वही सापडली. सगळी वर्षं तो त्या एकोणिसाव्या पानाशीच झगडत होता. शेवटची आकडेमोड अर्ध्यावर थांबली आहे आणि खाली लिहिलंय, 'इथून पुढे अ‍ॅम्ब्रोझला जमेल.'

वही आणि तुमचं ते पत्र सोबत पाठवते आहे. क्षमा मागत नाही. जिच्यावर त्याचा विश्वास होता, तिने ती कुणाकडे मागायची? वही तेवढी वाचा.

त्याला एक शब्द न सांगू शकलेली,
हेस्टर टिलिंग